तुमच्या चाकावरची घागर

अहो,

होळीच्या आधल्या आठवड्यात तुम्ही गेलात आणि काल अक्षय तृतीया झाली. इथल्या रायपूरच्या लोकांची अक्ती. गल्लीतल्या पोरींनी मातीच्या बाहुल्यांचं, पुतरा-पुतरीचं लग्न लावलं, थाळ्या वाजवत वरात काढली आणि दरवर्षीसारखी आपल्याच दारावरून नेली. आपल्या घरात तुमच्या नावाची पहिली घागर होती. घरातलं माणूस गेलं की येणाऱ्या अक्तीला त्याच्या नावानं कोरी घागर पाण्यानं भरून मांडायची, ही आपली रीत. मामंजींची मांडली, सासूबाईंची मांडली, दोन्ही वेळा घागर तुम्हीच बाजारातून आणली होती. बोटानं वाजवून, कानाशी धरून, जणू मोटारच विकत घेत होतात. या वेळी बाजाराची आणायची नाही असं मी ठरवलं होतं. तुमच्या चाकावर, माझ्या हातानं घडलेली घागर तुम्हाला द्यायची होती. तिचं काय झालं ते सांगायला बसले आहे. तुम्हाला मधेच तोंड घालायची सवय, पण आज ऐकून घ्यावं लागेल.

एवढा हट्ट कशासाठी, असं शांताताईंनीही विचारलं. तुमच्याच बहीण त्या; प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत दुसरा विचारतात. मी त्यांना काही बोलले नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही तहानलेले गेलात, म्हणून.

सिलतऱ्याच्या कारखान्यातून तुम्ही घरी यायचात तेव्हाचं आठवतं? दिवसभर भट्ट्यांच्या आसपासच्या विजेच्या मोटारी दुरुस्त केलेल्या, शर्टावर घामाच्या मिठाच्या पांढऱ्या रेघा. चपला एक इकडे, एक तिकडे. सरळ माठाकडे. लोटा बुडवायचा, मान मागे टाकायची आणि उभ्यानंच गटागटा. गळ्याची घाटी वरखाली व्हायची, थोडं पाणी हनुवटीवरून शर्टात जायचं. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "बसून प्या न जरा! उभ्यानं पिल्लं का गुडघ्यात जाते पाणी." तुम्ही लोटा ठेवून तोंड पुसत म्हणायचात, "पोटातच जाऊन राहिलं, मले समजते न." हे भांडण आपलं लग्नापासूनचं. ते कधी मिटलं नाही, डॉक्टरांनी बंद केलं.

हृदय थकलंय, अंगात पाणी साठतंय, पायांवर सूज आहे. तेव्हा दिवसभरात एवढंच, असं म्हणून त्यांनी टेबलावरची एक बाटली उचलून दाखवली. चहा, वरण, ताक, सगळं त्यातच धरायचं. रायपूरचा उन्हाळा आणि एवढीशी बाटली. ती माझ्या ताब्यात आली. सकाळी भरायची आणि तुम्ही मागितलं की झाकणानं मोजून द्यायची. माठ मी जिन्यात नेऊन ठेवला, कारण तुम्ही त्याच्याकडे बघत बसायचात. तुमच्यासमोर पाणी पिणंही मी सोडलं. रेवाला फोनवर कळलं तर आपली लेक म्हणाली, "आई, तुम भी बीमार पड़ोगी." तुम्ही मात्र शहाण्यासारखे वागलात. ओठांवर ओलं फडकं, तोंडात वेलदोडा. एकदाच चिडलात. "मोजून तर जेलातही देत नसन," म्हणालात, आणि मग दिवसभर काही ना काही निमित्त काढून माझ्या मागेमागे फिरलात. शेवटी मीच म्हटलं, पुरे आता, भाजी निवडायला बसा.

मी चुकले असं मी म्हणत नाही हं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा झाकणानंच देईन. त्या बाटलीनं मला तुमचे जास्तीचे दिवस दिले, त्यात एक अख्खी दिवाळी होती. पण दवाखान्यात शेवटच्या दुपारी तुम्ही पाणी मागितलंत, मी चमच्यानं दिलं, आणि तुम्ही तो रिकामा चमचा दातांत धरून ठेवलात. सोडायलाच तयार नव्हतात. नर्स म्हणाली, "अंकल, छोड़िए ना." ते काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. उपाशी गेलेल्याला पिंडाचा भात तरी पुढे ठेवता येतो. तुमच्या तहानेचं मी काय करू, हेच दहाव्यापासून डोक्यात घोळत होतं.

चाक घरात आलं तेही या पाण्यापायीच. रेवानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. कुठल्याशा शहरातली मुलगी टेबलाएवढ्या विजेच्या चाकावर मातीचा कप बनवत होती. मी कप पाहिला. तुम्ही म्हणालात, "मोटर किती वॅटची असन ही?" दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पुन्हा पाहिलात आणि हळूच म्हणालात, "हात पाहा तिचे. सारा वेळ पाण्यात." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तोंडाले मनाई आहे. हाताले तर नाही न?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खुर्चीवर बसून करायचं, वजन उचलायचं नाही, दमलं की थांबायचं. झालं, तुम्ही त्याच दिवसापासून बरे झाल्यासारखे वागायला लागलात.

रेवा ऑनलाइन मागवायला निघाली होती. "बाबा, रिव्यू अच्छे हैं, मँगवा दूँ?" तुम्ही म्हणालात, "फोटोतल्या मोटरले हात कसा लावू?" मग कळलं की शहरात एक बाई हौशी लोकांना मातीकाम शिकवतात आणि चाकंही विकतात. ऑटो करून गेलो. त्यांनी तीन मांडून ठेवली होती. पहिलं इतकं छोटं की भातुकलीत शोभावं. तुम्ही ते सुरू केलंत, फिरत्या चाकावर तळहात ठेवून जरासा दाबलात आणि ते थांबलं. "हे तर माती पाहूनच घाबरन," म्हणालात. दुसरं मोठं, जडच्या जड. दाबलं तरी ढिम्म, फिरतच राहिलं. तुमचा चेहरा खुलला. मी पुढे होऊन ते उचलून पाहिलं. ते जागचं हललं नाही. बाई म्हणाल्या, पोर्टेबलच आहे ते. मी म्हटलं, "लिहिलं असन. पण उचलणार कोण, ते लिहिलं आहे का कुठं?" सकाळी गॅलरीत न्यायचं, ऊन आलं की आत आणायचं, हे माझ्याच नशिबी होतं ना.

तुम्ही मोटार बघत होतात, मी सांडणारं पाणी बघत होते. भोवतीचं ताट सुटं होतं का, सुटं झालं तर मोरीत नेऊन घासता येतं का, बटणात चिखल गेला तर काय. तिसरं, मधल्या बांध्याचं, मला उचलता आलं. तुम्ही दाबल्यावर ते कण्हलं, पण थांबलं नाही. एवढ्यावर कोणीही घेतलं असतं. तुम्ही खिशातून टेस्टर काढून चाक उपडं केलंत आणि त्याचं पोट उघडायला लागलात. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "अंकल, वारंटी चली जाएगी!" तुम्ही स्क्रू फिरवतच म्हणालात, "बेटा, वारंटी तो मेरी भी कब की चली गई." त्या हसल्या, मला हसू आलं नाही.

मग तुम्हाला मागच्या बाजूचं ते छोटं बटण सापडलं. इकडे केलं की चाक एका दिशेनं, तिकडे केलं की उलट्या. जन्मभर डावखुरे म्हणून तुम्ही बोलणी खाल्लीत. कात्री उलटी, प्रसादाला डावा हात पुढे आला की सासूबाईंची चापट. त्या बटणाकडे बघून तुम्ही जसे हसलात तसे आपल्या लग्नाच्या एकाही फोटोत हसलेले नाहीत. "हेच घे," म्हणालात, आणि परत येताना ऑटोत ते मांडीवर घेऊन बसायला निघालात. मी ते माझ्या मांडीवर घेतलं. आपल्या बूढापाऱ्याच्या गल्लीत शिरेपर्यंत माझे पाय बधिर झाले होते.

खुर्चीवर बसून तुमचे हात नीट पोचावेत म्हणून चाकाखाली काय ठेवायचं, यावर घरात सभा भरली. स्टूल डुगडुगत होतं. टेबल उंच होतं. शेवटी गणपतीचा चौरंग बरोबर बसला. शांताताईंनी कपाळाला हात लावला. "गणपतीचा चौरंग चिखलात घालून राहिला का रे तू?" तुम्ही म्हणालात, "ताई, गणपती कायचा असते?" त्या उठल्या आणि जुनं पोतं घेऊन आल्या. ते खाली अंथरून, चौरंगावर चाक, असा तुमचा कारखाना सुरू झाला.

माती मळायचं बळ तुमच्यात नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, जन्म गेला कणीक मळण्यात, मला काय सांगता. कुम्हारपाऱ्यातून, कुंभारांच्या वस्तीतून आणलेली माती छान मऊसूत मळली, गोळा केला, वाळू नये म्हणून वरून तेलाचा हात फिरवला आणि ओल्या फडक्याखाली झाकून ठेवला. तुम्ही गोळा नाकाशी नेलात.

"हे काय लावलं?"

"तेल."

"काहून?"

"काहून म्हणजे? सुकत नाही न मग."

तुम्ही तो चाकावर ठेवलात आणि पायानं पेडल दाबलंत. बुडाला तेल लागलेला तो गोळा चाकावरून सुटला आणि थेट तारेवर वाळणाऱ्या तुमच्याच पायजम्यावर जाऊन बसला. तुम्ही दम लागेपर्यंत हसलात. मी घाबरून पाठ चोळत होते आणि तुम्ही हातानं खुणा करत होतात, थांब, थांब, हसू दे. त्यानंतर कितीतरी दिवस कोणी घरी आलं की पहिली गोष्ट हीच. आता ती गोष्ट सांगणारं कोणी नाही, आणि मी स्वतःची फजिती स्वतः सांगणार नाही.

आपला खरा वाद मात्र मळण्याचाच होता. कणीक दुमडून दुमडून मळतात. माती तशी मळली की आत हवा राहते आणि भाजताना भांडं फुटतं. "ढकल, दुमडू नको," तुम्ही म्हणायचात. "ढकलूनच राहिली न," मी म्हणायचे. तुम्ही गोळा तारेनं मधोमध कापून आतली भोकं दाखवायचात. मी म्हणायचे, कापताना पडली असतील. दोघांपैकी कोणी हार मानली नाही आणि आता निकाल लावायला तुम्ही नाही.

तुम्ही चाकावर बसलात की मी समोर पाण्याचं भांडं धरून बसायचे. गोळा आधी पिसाटासारखा हलायचा, मग तुम्ही कोपरं मांड्यांना टेकवून दोन्ही तळव्यांनी त्याला धरायचात आणि तो हळूहळू मधोमध यायचा. इतका स्थिर की फिरतोय हेही कळू नये. तेव्हा तुम्ही डोळे मिटायचात. मग भांड्यात बोटं बुडवायचात. मातीला लागतं त्यापेक्षा जास्त वेळ हात तसेच पाण्यात ठेवायचात, मनगटापर्यंत, कधी कोपरापर्यंत. मी दुसरीकडे बघायचे. ते पाणी तेवढं माझ्या हिशेबातलं नव्हतं, आणि तुम्हाला ते मनसोक्त मिळतंय याचं मला फार बरं वाटायचं. हे तेव्हा म्हणायला हवं होतं, राहून गेलं. आज म्हणते.

तुमच्या हातून वाट्याच झाल्या. उंची यायची नाही. भिंत वर खेचायला जोर लागतो आणि तो नव्हता. "एक घागर जमली पाह्यजे," असं म्हणत म्हणत तुम्ही वाट्यांची रांग लावलीत, कोणी डावीकडे कललेली, कोणी बुडाला जाड. मी म्हणायचे, "पहिले वाटी तर सरळ करा." त्या सगळ्या कच्च्याच राहिल्या. पुढच्या महिन्यात भाजायला नेऊ म्हणत होतो, आणि पुढच्या महिन्यात दवाखानाच आला.

तुम्ही गेल्यावर चाकावर मी तुमची लुंगी टाकली. शांताताई म्हणाल्या, "कोणाले तरी देऊन टाक. पाहून पाहून रडशील." रेवानं तर फोटो काढून विकायला टाकायची तयारी केली होती. मी दोघींना म्हटलं, अक्ती होऊ द्या.

तेरावं झालं, पाहुणे गेले, रेवा तेवढी थांबली. मी माती आणायला कुम्हारपाऱ्यात गेले तर तिथे कोणी माती द्यायला तयार नाही. अक्तीच्या तोंडावर पुतरा-पुतरी आणि माठांचा हंगाम. ज्याची त्याची माती ज्याला त्यालाच पुरत नव्हती. हात हलवत परत आले. गॅलरीत बसले तर समोर फळीवर तुमच्या वाट्या.

कच्ची माती पाण्यात घातली की पुन्हा माती होते, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. तरी सगळी दुपार हात पुढे होईना. मग एक बादली घेतली. रेवा धावत आली. "आई, मत करो ना, बाबा के हाथ की हैं." मी म्हटलं, "म्हणून तर." पहिली वाटी पाण्यात सोडली. तिच्यातून बुडबुडे आले, कड फुगली, आणि बघता बघता ती बसली. रेवा रडत आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि दुसरी वाटी तिनंच सोडली. शेवटची, डावीकडे कललेली, आम्ही ठेवून घेतली आहे. तिच्यात आता रेवा कानातलं ठेवते.

माती बसली, वरचं पाणी काढलं, जुन्या धोतरावर पसरून कोरडी केली आणि मळायला घेतली. ढकलून मळली. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, जिंकलात म्हणून नव्हे.

चाक सुरू केलं तर ते तुमच्या दिशेनं फिरत होतं. माझे हात उजवे. माती पळून जात होती, बोटं अडकत होती. तरी मी त्या बटणाला हात लावेना. त्याच दिशेनं एक गोळा घालवला, दुसरा घालवला. रेवा म्हणाली, "आई, उल्टा कर लो, तुम्हारा हाथ दूसरा है." तिचं बरोबर होतं. बटण फिरवलं. चाक एकदम थांबलं आणि माझ्या बाजूनं फिरायला लागलं, आणि मला त्या क्षणी इतकं एकटं वाटलं की मी पेडलवरून पाय काढून घेतला. दवाखान्यातून घरी आले तेव्हाही असं वाटलं नव्हतं. तेव्हा घरात माणसं होती. अहो, तुमच्याशिवाय मला करमत नाही. एवढं साधं आहे हे.

मग पुन्हा बसले. घागर एका दिवसात झाली नाही. कधी मान तुटली, कधी पोट बसलं, एकदा सगळी उभी राहिली आणि चाकावरून तारेनं काढताना माझ्याच हातात चुरगळली. प्रत्येक वेळी तोच चिखल पुन्हा मळायचा. शेवटी एक राहिली. घागर म्हणायला तशी जीभ अडखळते. ओंजळ-दोन ओंजळी पाणी मावेल एवढी, गोल पोटाची, आखूड मानेची. या चाकावर त्याहून मोठी होतही नाही. सावलीत वाळवली, रोज फडकं फिरवलं. मग गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन कुम्हारपाऱ्यात गेले. दुलारी कुम्हारीण तिच्या माठांच्या भट्टीत एका कडेला ठेवायला तयार झाली. "एखर गारंटी नइ हे, दीदी," तिनं आधीच सांगून टाकलं. भट्टी उघडल्याचा निरोप आला तशी मी चपला अडकवल्या. आणली तेव्हा लाल झाली होती, एका बाजूला धुराचा काळा पट्टा. दुलारी म्हणाली, "पानी डार के देख लेबे."

मी हो म्हटलं, पण पाणी घालून पाहिलं नाही. तुमची घागर कोरी असायला हवी. तुमच्या आधी दुसऱ्या कशासाठी तिच्यात पाणी कसं घालू? रेवाही दोनदा तेच म्हणाली. मी ऐकलं नाही. शांताताईंनी मात्र माझ्या नकळत बाजारातून एक घागर आणून न्हाणीघरात ठेवली होती.

काल पहाटे उठून पुरण घातलं, कुरडया तळल्या, तुमची आवडती चिंचवणी केली. तुमच्या फोटोसमोर पाट मांडला, पत्रावळीवर गहू पसरले, वर घागर ठेवली. खरबूज, आंबे, फुलं. जिन्यातला माठ मी पुन्हा आत आणला होता, त्याच्यातलं गार पाणी लोट्यानं घागरीत ओतलं. भरली. हात जोडले. डोळे उघडले तेव्हा गहू ओले होत होते.

आधी वाटलं, माझ्याच हातून सांडलं. मग पत्रावळीच्या कडेनं पाण्याचा ओघळ निघाला, पाटावरून उतरला आणि फरशीवर आला. बुडाला केसाएवढी चीर होती. रेवा पुटपुटली, "आई, लीक कर रहा है." शांताताई उठल्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. "उचल ते. गळकं मडकं मसणात चालते, घरात नाही. मी दुसरी आणली आहे, थांब." आणि लगबगीनं न्हाणीघराकडे गेल्या.

मी पाटाजवळ बसून होते. त्यांचं म्हणणं रीतीला धरून होतं. तुम्हाला खांद्यावरून नेलं त्या वाटेवर पाणी गळणारं मडकं आम्ही पाहिलंच होतं. घागरीतलं पाणी खाली खाली चाललं होतं, निम्मं झालं, त्याच्याहून कमी झालं. आणि मला दिसलं ते असं की तुम्ही पाणी पीत आहात. घाईघाईनं, खळ न पडता, थोडं हनुवटीवरून सांडत.

मी लोटा बुडवला आणि घागर भरली. ती उतरली. पुन्हा भरली. शांताताई बाजारची घागर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. "कितीक टाकशील वं?"

मी म्हटलं, "ताई, पिऊन राहिले ते. पिऊ द्या."

त्यांनी हातातली घागर खाली ठेवली, माठापाशी गेल्या, तो जड माठ एकट्यानं सरकवत माझ्याजवळ आणला आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "लहानपणीही असाच प्यायचा. दे त्याले." माठ संपल्यावर रेवानं बादली भरून आणली. पाणी फरशीभर झालं, आमच्या साड्या भिजल्या, पोरींची वरात दारावरून गेली. आम्ही आळीपाळीनं ओतत होतो. ऊन उतरेपर्यंत तुम्ही प्यायलात. किती ते विचारू नका. मी मोजलं नाही.